दोनशे दहा पावलं

नकाशावर ती निळी नाही, तुटक तांबडी आहे.
तिच्या अलीकडचं पाणी उमेत, पूर्णेत, तापीत.
पलीकडचं बेंबळेत, वर्धेत,
आणि मग इतकं लांब पूर्वेला
की माझा कागद संपतो.

झिंगाजी ढोरकी म्हणाला, "म्याडम, कागद ठेवा.
इथं गाय उभी रायली
त तिचं मूत दोन दर्यांत जाते."
त्याचा बाप हेच सांगायचा, बापाचा बापही.
दर्या तिघांनीही पाहिला नव्हता.

मी रकाने भरत होते.
माथा: ई-क्लास, चराई, पळस, रोशा गवत.
उतार: मुरमाड, तूर विरळ.
खाली: काळी, खोल, कपाशी.
त्याच्याही खाली, वायव्येला, खारपाण पट्टा,
जिथं विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही
आणि पाहुणा दुसरा पेला मागत नाही.

पण माथ्यावर माथाच नव्हता.
नकाशात समोच्च रेषा
परातीत परात ठेवावी तशा बसलेल्या,
आणि समोर खड्डा, दोन पुरुष खोल.
रस्त्याच्या भरावाला मुरूम लागला.
टिप्पर वर्षभर चढले, उतरले.
टेकाड आता कुठंतरी डांबराखाली आडवं पडलंय,
गाड्यांना तिथं चढ लागत नाही.

खड्डा भरला की पूर्वेला फुटतो.
दरसाल, पूर्वेलाच.
झिंगाजीनं पावलं मोजली, काठी टेकत,
मध्ये एकदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून:
दोनशे दहा.
एवढा पाऊस पूर्णेच्या खोऱ्यातून उठून
न सांगता दुसरीकडं राहायला गेला होता.

खालच्या नाल्यावर पर्बताबाई इंगळे वांगी लावायच्या.
आता नाल्यात गोवऱ्या वाळवतात.
"जागा मोठी झाली," म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.
मुरमाची रॉयल्टी भरलेली आहे,
पावती मी स्वतः पाहिली.

ऑफिसात म्हणतील, जुनीच रेघ ठेवा,
रेघ हलली की गावांची यादी हलते,
यादी हलली की निधी.
मी शिसपेन्सिलीनं दुसरी काढली, फिकट,
खोडरबर लागलं तर जाईल अशी.

तेवढ्यात भुरी गाय खड्ड्याच्या काठाशी थांबली.
आम्ही दोघंही बघत राहिलो.
ओघळ हातभर पश्चिमेला गेला, जुन्या सवयीनं,
आणि मुरला.