गुरुवारची जीप

मिशनच्या फाटकातून जीप काढायची सातला,
नऊ वर्षं तेच काम माझं.
मागं पट्ट्यांचे डबे, गोळ्यांची पाकिटं, एक घमेलं,
मऊ रबरी तळव्यांच्या चपलांचं पोतं,
आणि शेजारच्या सीटवर शलोमीबाई.
बैलहोंगलच्या, मायबोली कानडी,
मराठीत जखमेलासुद्धा 'तो' म्हणायच्या.
"परसू, तो जखम आज वाळला असेल बघ."
मी हसायचो. त्याही.

खानापूर सुटलं की झाडी, मग लाल धुरळा.
वाटेतल्या पाट्यांवर कुणीतरी डांबर फासलेलं,
कधी ह्या अक्षरांवर, कधी त्या.
बाई पाट्या वाचायच्याच नाहीत.
बिडीचं वळण त्यांना चिंचेवरनं कळायचं.

तिथं पत्र्याच्या शेडात त्या जमिनीवर बसायच्या.
घमेल्यात पाणी, पाण्यात पाय.
ज्यांचं ताट घरात वेगळं,
लेकीला बघायला पाहुणे आले की
ज्यांना गोठ्यात धाडायचे, त्यांचे पाय.
अर्धा तास भिजवायचे, दगडानं कडा घासायच्या,
तेल चोळायचं, बोटांच्या फटीतनंसुद्धा.
मी जीपमध्ये. काच वर. एप्रिलच्या उकाड्यात.

एकदा विचारलं, बाई,
येशूचं ह्यांना काहीच कसं सांगत नाही तुम्ही?
"सांगते की," म्हणाल्या,
आणि बशप्पाच्या टाचेतला काटा काढत राहिल्या.

पौषातल्या एका गुरुवारी
कक्केरीच्या चढाला इंजिन तापलं.
बॉनेट उघडून वाकलो होतो.
बाई ओरडल्या, "परसू, हात!"
मनगटाजवळचं कातडं नळीला चिकटलेलं,
वाससुद्धा सुटलेला,
आणि मला पत्ताच नाही.

डोळे मिटायला लावले.
कापसाची वात केली. "लागला की सांग."
मी उभा. चढावर वारा.
म्हटलं, लावा की बाई, कधी लावणार?
लावतच होत्या त्या,
कधीच्या.

मग घमेलं माझ्यासाठी उतरलं,
रस्त्याच्या कडेला, रेडिएटरसाठी आणलेल्या पाण्यानं भरलं.
हात मांडीवर घेऊन त्या
ओठातल्या ओठात कानडीत काहीतरी म्हणत होत्या.
मला 'तंदे' एवढाच शब्द कळला. बाप.
माझा गेला तेव्हा मी चार वर्षांचा,
त्याचा हात कसा होता आठवत नाही.

बारा महिने गोळ्या.
लघवी लाल, तोंड काळवंडलं.
बायकोला म्हटलं, ऊन लागलंय.
मग एका रात्री खरं सांगितलं. ती बोललीच नाही.
सकाळी माझ्या ताटात हात घालून
भाकरीचा तुकडा मोडला तिनं,
खरं तोंडाकडं बघितलं नाही.
पाकीट देताना बाईंनी कधी विचारलं नाही,
चर्चला येतोस काय.
विचारायच्या, "मागचा पान संपला काय?"
यल्लम्माच्या डोंगराला मी अजून जातो.
नाताळात बाईंच्या घरच्या करंज्याही खातो.

आता त्यांना गुडघ्यांनी खाली बसवत नाही.
त्या जीपमध्ये बसतात, काच खाली करून.
मी उतरतो.

परवा चिंचेखाली एक नवा पोरगा, अठराएक वर्षांचा,
पाय लुंगीत ओढून घेतलेले.
कानडी. आणि माझं कानडी म्हणजे
बाईंचं मराठी.
पाण्याचा ताप कोपरानं बघितला,
ह्या हाताला अजून नीट कळत नाही.
त्याचा पाय मांडीवर घेतला. जड होता.
"नोव ऐतेन?" विचारलं, दुखतंय काय रे?
त्यानं मान हलवली. नाही.
आणि रडायला लागला.

पुढं काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं.
पाय धरून नुसता बसलो.
जीपमधनं हाक आली,
"परसू, तो पाणी गार होईल."