मुळं नसलेलं पीक

पुरू नकोस, ताम्मे. याला मुळं नसतात.
कोबी चिरतो तसं चिरायचं, बोटाच्या पेराएवढं,
आणि उघड्या काळ्या पीटवर विस्कटून टाकायचं,
कोंबड्यांना दाणे टाकतो तसं. हात सैल.
स्फॅग्नम पालुस्त्रे, असं फ्राउके म्हणते
आणि वहीत लिहिते.
आम्ही याला काहीच म्हणत नव्हतो.
तुडवत जायचो, खालचं काढायला.

वर गव्हाचा पेंढा. इतका विरळ
की खालचं हिरवं मधूनमधून डोळा घालेल.
पाणी चार बोटं खाली.
आणखी उतरलं तर हे पांढरं पडतं,
वर चढलं तर तरंगत शेजारच्या पट्ट्यात निघून जातं.
आणि पाणी आभाळाचंच हवं. कालव्याचं नको,
त्यात चुना, त्यात वरच्या गोठ्यांचं खत;
याला गोडधोड पचत नाही.
हे उपाशी राहूनच माजतं.

हा चर मीच खणला होता, एकाहत्तर साली,
दलदल कोरडी करायला. कंपनीनं घड्याळ दिलं.
आता मीच तो फळ्या ठोकून बुजवतोय,
तेव्हापेक्षा जास्त पैसे घेऊन.
हस, हस.

बाप एका फावड्यात दोनशे वर्षं उचलायचा.
मी यंत्रावर बसायचो. मोजलं नाही.
आधी चुलीत गेली ती वर्षं,
नंतर कुणाकुणाच्या टोमॅटोच्या कुंड्यांत.
एकदा पात्याला चामड्याचा बूट लागला,
लहान मुलाचा. नाडी बांधलेली.
मुकादम म्हणाला, बोभाटा झाला तर काम थांबेल.
रात्री येऊन मी तो परत पुरला.
कुठे, ते फ्राउकेला सांगितलेलं नाही.
त्या बर्चच्या पलीकडे. तिकडे पेरू नकोस.

आपल्याकडे जुने लोक म्हणत,
पहिल्याला मरण, दुसऱ्याला उपास, तिसऱ्याला भाकर.
मी तिसरा. पोटभर खाल्ली.
चौथ्याचं म्हणीत काही नाही,
आणि तू तर पाचवा.

फळीवरूनच चाल. पाय टेकलास
तर तुझा बूट इथे वर्षानुवर्षं उभा राहील.
बर्चची पिल्लं दोन पानांवर असतानाच उपट,
दया आली तर उशीर होतो.
रानहंस उतरले तर ओरड.
मला आता ओरडवत नाही.

हं, मूठभर घे. पिळ.
बघ, पेला भरेल.
फ्राउके सांगते, पाणी धरतात त्या पेशी मेलेल्या असतात.
शेंडा वाढतोय, बूड मरतंय,
आणि मधे कुठे रेघ नाही.
मी तिला म्हटलं, बाई, हे मला
ऐंशीव्या वर्षी सांगायची गरज नाही.

तिसऱ्या चराशी आन्त्येची विणायची सुई रोवलीय,
तिच्याच नखांच्या रंगाची लाल खूण करून.
मागच्या ऑक्टोबरात खूण उघडी होती.
आज चष्मा घरी राहिला.
तू वाक जरा.
दिसते का?