सहा आणि पन्नास

तो आवाज माझा आहे.
बिअरच्या रिकाम्या ग्लासावर चमचा मारून काढलेला,
मग अर्ध्या सेकंदाच्या आत कापलेला,
टोक जरासं वर उचललेलं,
जणू पुढे अजून काही आहे.
उत्तर बरोबर आलं की तो वाजतो.
फ्लँडर्सच्या कितीतरी शाळांत वाजतो,
आणि औदेनार्देच्या या तिसरीच्या वर्गात,
जिथे आज मी मागच्या बाकावर अंग चोरून बसलेय.

आधी नियम साधा होता. बरोबर, की टिंग.
मग योरिक म्हणाला, दर वेळी नको,
दर वेळी मिळालं की पोट भरतं.
कधी दुसऱ्या उत्तराला द्यायचं, कधी नवव्याला,
कधी लागोपाठ दोनदा, आणि मग बराच वेळ काहीच नाही.
आलेख चढला.
मुलं जेवणाच्या सुट्टीतही उठेनात.
आम्ही केक कापला.

आखिल मामाला हे सांगितलं, तेव्हा तो हसला नाही.
त्याच्या माळ्यावर बेचाळीस कबुतरं, शर्यतीची.
कॉफीच्या जुन्या डब्यात मका आणि वाटाणे.
डबा खुळखुळला की आभाळातला ठिपका पंख मिटून खाली येतो.
"थोडं उपाशी ठेवावं लागतं गं,
भरल्या पोटी डब्याला कोण विचारतं?"
रविवारी तो अंगणात खुर्ची टाकून बसतो,
मान वर, सूप गार, चार-चार तास.
कोणी कोणाला शिकवलं, ते मी विचारलं नाही.

टिलेच्या पडद्यावर सात गुणिले आठ.
ती ओठांत म्हणते: सहा-आणि-पन्नास.
आमच्या भाषेत आकडा असाच येतो,
धाकटा पुढे, थोरला मागून.
कान ऐकतो ते बोट करतं. ती सहा दाबते.
सहाची जागा तिला ठाऊक आहे, उजवीकडची.
डावीकडे पाचासाठी जागा राखायची,
वहीत राखतात तशी.
पण खेळ थांबत नाही.
पहिल्या बोटालाच घोगरा आवाज.
तोही माझाच. फरशीवर खुर्ची ओढून काढलेला.

पुन्हा सहा. घोगरा.
पुन्हा.
चौथ्या वेळी ती ओठ मिटून घेते.
पाच, मग सहा.
टिंग,
एक सोनेरी तारा,
आणि माझ्याही पोटात, सवयीनं, काहीतरी गोड हललं.

नंतरची वीस मिनिटं मी फक्त तिचे ओठ बघते.
ते हलत नाहीत.
उत्तरं पटापट येतात, बरोबर येतात,
नळ नीट बंद न केल्यासारखी.
रोझलिन बाई कानाशी येऊन सांगतात,
केवढी सुधारली बघा, आधी सारखी पुटपुटायची.

बाई, तुम्हाला कसं सांगू,
ते पुटपुटणं हेच तर गणित होतं.

मागच्या उन्हाळ्यात मामाची एक निळसर मादी
अकरा दिवस उशिरा आली.
शर्यत संपली होती, बक्षिसं वाटून झाली होती,
डबा फळीवर, मामा झोपलेला.
पाणी प्यायली. आपल्या खणात जाऊन बसली.
कशासाठी आली, ते माझ्या कुठल्याच कोष्टकात बसत नाही.
मी बसवून पाहिलं.

घंटा होते. टॅबलेट कपाटात जातात.
दाराशी मी टिलेला विचारते, सात आठे किती?
ती माझ्याकडे बघते, मग माझ्या हातांकडे,
कुठे दाबायचं ते शोधत.
"तोंडानं सांग," मी म्हणते. "मोठ्यानं."
"सहा," ती म्हणते
आणि खांदे आवळून थांबते,
खुर्ची ओढली जायची वाट बघत.
मी काही वाजवत नाही.
शाबास म्हणायला उचललेली जीभ, तीही खाली ठेवते.
बाहेर कोणीतरी सायकलचं कुलूप काढतंय,
किल्ली अडकलीय बहुतेक.
बराच वेळ जातो.
"आणि," ती म्हणते.