अर्धा वॅट

रापण संघाच्या वहीत शिल्लक तीन हजार चारशे साठ,
त्यातले साठ चहाचे, म्हणजे नाहीतच.
कणकवलीच्या दुकानदारानं काचेवर दोन जोड्या ठेवल्या.
काळी जाडजूड, वीतभर अँटेना:
"पाच वॅट, वयनी. सगळे पट्टे उघडे.
अठ्ठावीसशेत जोडी. खयव बोला."
आणि पिवळी, जत्रेतल्या खेळण्यासारखी,
अर्धा वॅट, अँटेना काढताच येत नाही,
तिचे बत्तीसशे.

मोठं स्वस्त आणि लहान महाग
असं मी फक्त मासळीबाजारात पाहिलं होतं,
बांगड्याच्या टोपलीशेजारी
मुडदुशांचा वाटा मांडतात तेव्हा.

"लायसन?" मी विचारलं.
तो हसला. "दर्यात कोण बघूक येता?"

काहीच न घेता एसटीत बसले,
मालवणात उतरून बस्त्यांव फर्नांडिसांच्या दारात.
तेवीस वर्षं किनाऱ्यावरच्या वायरलेस खोलीत
त्यांनी ऐकायची नोकरी केली.
आता कोंबड्या पाळतात.

"हवेकय सातबारो असता, बाय.
हो तुकडो पोलिसांचो, हो इमानांचो,
हो बोटींचो. थंय परवानो व्हयो.
एक बारीक पाणंद तेवडी मोकळी सोडलेली आसा,
चारशे सेहेचाळीसची.
अर्धो वॅट, अँटेना जाग्यार घट्ट.
खोक्यार मंजुरीचो नंबर बघ.
मगे कोणाक इचारूचा नाय."

मग चष्मा काढून लुंगीला पुसत राहिले.
एका रात्री सोळा नंबरवर
कोणीतरी सांगत होतं, पाणी भरतंय.
कुठे, ते कळेना,
कारण त्याच पट्ट्यावर चोरट्या संचावरून
एक जण वाळूचे डंपर मोजत होता.
"सतरा, अठरा. एकोणीस खय रवलो?"
बस्त्यांव म्हणाले, "माका आजून एकोणीसच आयकाक येता."

कुणासाठी घेतेय, ते मी दोघांनाही सांगितलं नव्हतं.

जानू तारी, आमचे तांडेल, माझे सासरे.
चाळीस वर्षं तोंडवळीच्या वाळूत उभं राहून
लाटांच्या वरून होडीला हाका मारल्या.
गेल्या साली बांबोळीच्या डॉक्टरांनी
गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढली.
मानेत एक भोक, त्यावर गळपट्टा.
तेव्हापासून टॉवेल हलवतात.
धुकट सकाळी टॉवेल दिसत नाही.
मार्चमध्ये होडी उशिरा वळली
आणि तारल्यांचा अख्खा थवा
जाळ्याच्या कुशीतून निघून गेला.
कुणी कुणाला बोललं नाही.
बोलणार कोण.

मंगळवारी जाऊन पिवळी जोडी आणली.
आबांनी संच तळहातावर तोलला,
नव्या बांगड्यासारखा हुंगून पाहिला.
सुहास होडीत, आबा वाळूत.
एकदा दाबलं: थांब.
दोनदा: वळ.
तीनदा: दोर टाक, ओढतो आम्ही.
हे त्यांना कुणी शिकवलं नाही.
खर्र, खर्र.
आणि लांबवर, पांढऱ्या धुक्यात,
होडीचं नाक किनाऱ्याकडे फिरलं.

जाळं भरून आलं नाही. खोटं कशाला सांगू.
दोन टोपल्या तारल्या, एक सुळा,
आणि जेलीफिशचा गिचका.

माणसं पांगल्यावर आबा पाण्याशी गेले,
बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.
दाबलेलं असेपर्यंत पलीकडचं ऐकू येत नाही,
हे बस्त्यांवनी बजावलं होतं, मीही सांगितलं होतं.
होडीतून सुहास विचारत असणार,
"आबा, काय झाला? ओव्हर."
आबा बोट काढत नव्हते.

संध्याकाळी सुहासला विचारलं, काय ऐकलंस?
"लाटा," तो म्हणाला,
"आणि मधी मधी शिट्टी वाजल्यासारखा वारा."
वारा नव्हता त्या दिवशी.

रात्री संच चुलीपासून लांब, फळीवर चार्जिंगला लावले.
वहीत लिहिलं:
संच दोन, बत्तीसशे.
परवाना लागत नाही.