शहाण्णव तास

तळं म्हणायचं नाही त्याला.
कागदावर 'लगून क्रमांक तीन',
आमच्या तोंडी मळीचा खड्डा.
तीन एकर, बारा फूट,
वर करपलेल्या काकवीसारखी साय.
पाखरू उतरायचं नाही.
एकदा एक टिटवी उतरली,
पाय काढता येईनात तिला.

डिस्टिलरी बंद पडून अकरा वर्षं झाली.
चिमणीवर पिंपळ आला,
टाइम ऑफिसात आग्या मोहोळ.
मळी तेवढी कामावर राहिली,
रजा नाही, पगार नाही,
खाली खाली झिरपत
पलूसच्या अलीकडल्या विहिरींत.
मगदुमांच्या विहिरीचं पाणी तांब्यात घेतलं
की बिनदुधाचा चहा.
लेकीला बघायला पाहुणे आले,
प्यायला बाटल्या आणल्या होत्या विकतच्या.
पाहुणे पाय धुवायला न्हाणीत गेले
आणि परत सतरंजीवर बसले नाहीत.

मग कोर्टाचा कागद आला, मग पंप,
मग मिरजेची शबनम मणेर,
गमबूट घातलेली, खिशात चार पेनं.
पहिल्याच दिवशी विचारलं,
'व्हॉल्व्ह कुठं कुठं आहेत, कुणाला माहीत?'
सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मला माहीत होते. सहा.
सहावा नकाशात नाही.
करंजाच्या मागं, फरशीखाली.
तिथून ओढा, ओढ्यातून कृष्णा.
आभाळ भरून आलं की साहेब म्हणायचे,
'भूपाल, जरा पाय मोकळे करून ये.'
मी पाय मोकळे करून यायचो.
चाकाला साडेअकरा आटे.
सकाळी खालच्या घाटावर
पायऱ्यांना लागलेले पांढरे मासे,
पोटं वर.
पाच वर्षांत पाच वेळा.
नाही, सात.

तिला मी पाच व्हॉल्व्ह दाखवले.

दीड वर्ष उपसा चालला.
गाळात बगॅस कालवायचा, शेण कालवायचं,
उलथायचं, वाफ निघाली की पुन्हा उलथायचं.
तळाशी एक सायकल निघाली, कुणाची ते कळलं नाही.
मुरूम लागला, तोही चॉकलेटी.
'अजून खणा,' ती म्हणाली, 'पांढरा लागेपर्यंत.'
उरलेलं पाणी वाळ्याच्या चरांतून फिरवलं,
पाणकणसांतून फिरवलं,
आणि शेवटी काचेच्या टाकीत घेतलं.

'आकडे बरे आहेत. पण आता मासे सांगतील.
दहा बोटुकल्या, शहाण्णव तास,
नऊ जगल्या पाहिजेत.'

बोटुकल्या सिदू भोयानं आणल्या, ॲल्युमिनिअमच्या डब्यातून.
जाळं विकून गवंड्याच्या हाताखाली जातो तो,
किती वर्षं झाली ते मी विचारत नाही.
एकेक बोटावरून पाण्यात जाऊ दिली त्यानं.
'राखायला कोण?'
मी म्हटलं, 'मी.'

पहिल्या रात्री दहा.
दुसऱ्या रात्री दहा,
दोनदा मोजल्या, एकदा अकरा भरल्या.
तिसऱ्या रात्री लाईट गेली, हवेचा पंप थांबला,
पहाटेपर्यंत तांब्यानं पाणी
वरून ओतत बसलो.
नऊ.
चौथ्या दिवशी ऊन टाकीत शिरलं
तेव्हा दोन कोपऱ्यात तरंगत होत्या,
तसल्याच, पोटं वर.
सात.

शबनमनं वहीत लिहिलं. पेन खिशात ठेवलं.
'कुठून तरी अजून येतंय,
नकाशात नसलेलं काहीतरी आहे.'

मी उठलो.
करंजापर्यंत दोनशे पावलं असतील.
फरशी हलेना, पहार घातली.
खाली चाक, गंजून मातीच्या रंगाचं,
पाइपाच्या सांध्याशी अजून ओल,
आणि तो वास.

'किती आटे?' तिनं विचारलं.
'साडेअकरा.'
तिनं वर बघितलं.
सिदू मागंच उभा होता, रिकामा डबा घेऊन.
माझ्याशी काही बोलला नाही.
तिला तेवढं विचारलं,
'नवीन दहा कधी आणू?'