दोन मिलि पाणी

बाटलीवरचं नाव तीनदा वाचलं,
तिन्ही वेळा वेगळं निघालं.
झनकलाल बिसेन म्हणाला, "नावात काय ठेवलं बा, खोल."
त्याच्या जावयानं आणली होती विमानतळावरून.
सात महिने ती लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यामागं उभी होती,
कारण त्याच्या घरात कोणी पीत नाही.
म्हणजे, सगळे तसं सांगतात.

पहिला वास आला तो माझाच.
मी पशुधन पर्यवेक्षक. सतरा गावं, एक मोटारसायकल.
वीस वर्षांत टिंक्चर आयोडीन नखांतून निघालं नाही :
सडलेली खुरं, मोडलेली शिंगं, अळ्या पडलेल्या जखमा,
कापसाचे बोळे.
हा वास लोक पैसे देऊन पितात?
झनकलालनं एक घोट घेतला, डोळे पुसले.
"हे प्यायची नोहे रे, लावायची आहे," म्हणाला
आणि बाटली माझ्याकडंच टाकून गेला.

मग मी रोज टोपणभर.
लसीकरणाच्या वहीत मागच्या पानावर लिहायचो :
ता. ४. जळका दोर.
ता. ७. श्रावणात गोठ्यात केलेली कडूनिंबाची धुनी, तिच्यात म्हशीचा श्वास.
ता. ९. काहीच नाही. सर्दी.
ता. १२. मीठ. कदाचित समुद्र.
(समुद्र मी एकदाच पाहिला, एसटीच्या खिडकीतून,
आणि तेव्हा शेजारचा माणूस संत्रं सोलत होता,
म्हणून मला समुद्र आठवला की संत्रं येतं.)

पाणी थेंबानं घालावं, असं कुठंसं वाचलं.
दोन मिलीची नवी सिरिंज फोडली,
करडाला औषध पाजतो तसं काठानं हळू सोडलं.
ग्लासात काहीतरी सैल झालं,
तापातून उठलेलं जनावर
पहिल्यांदा रवंथ करतं, तसं.

पुढं कळलं, हा धूर लाकडाचा नाही, मातीचा.
दलदलीत युगानुयुगं दबलेलं गवत
विटांसारखं कापतात, वाळवतात, जाळतात
आणि त्या धुरावर भिजवून मोड आणलेले जव सुकवतात.
माती जळते! मला झोप येईना.
माघात बोडीचा तळ उघडा पडला तसा
चार ढेकळं गाळ आणला, पंधरा दिवस छपरावर ठेवला.
वनमाला काही बोलली नाही, फक्त पापड दुसरीकडं वाळत घातले.
पेटला नाही.
अर्धी काडीपेटी, थोडं रॉकेल,
शेवटी भाजक्या गोगलगायीचा वास आला,
तोही थांबला नाही.
शेजारचा कोलू कुंपणावरून म्हणाला,
"साहेब, मातीले कायची लस देऊन राह्यले?"

चैत्रात पहाटे तीनला फोन. गाय अडली होती.
फुलवंता मडावीचं घर, जंगलाच्या कडेला.
वासराचा एक पाय मागं दुमडलेला;
खांद्यापर्यंत हात घालून तो सरळ करता करता
पाच वाजले.
हात धुऊन बाहेर आलो, आयोडीन पुसत.
मोहाखालचा पाचोळा जाळून जागा साफ केलेली,
बुंध्याशी अजून धुगधुगी,
आणि वरून फुलं पडत होती, टप्, टप्,
कोमट राखेवर.
एक उचललं. झटकलं नाही. तसंच तोंडात टाकलं.

आधी गोड. मग राख.
मग माझी बोटं.

"हेच!" मी ओरडलो.
"काय हेच?" फुलवंता टोपली घेऊन उभी.
सांगणार काय?
"राखेतलं कायले खाता जी, टोपलीतलं घ्या, धुतलेलं."
घेतलं. नुसतंच गोड होतं.

घरी वनमालानं माझा हात नाकाशी नेला.
"सकाळीच?"
"नाही, गाय व्याली."
ती बराच वेळ वास घेत राहिली,
माझ्यापेक्षा जास्त वेळ,
आणि म्हणाली, "तुमच्या त्या बाटलीत हा गोठा आहे का हो?"
ग्लास दिला तर तोंड फिरवलं. मग परत वळवलं.
हुंगलं. पीत ती नाही.
"आहे," म्हणाली. "पण वासरू नाही."

बाटलीत दोन बोटं उरलीय.
ता. २१. दोन मिलि पाणी.
वासरू उभं राहिलं, असा निरोप आला.