दुपारचं काम

चाळीस वर्षं वाउटर रोज दुपारी
मनोऱ्याच्या एकशे बारा पायऱ्या उतरायचा,
चर्चच्या अंगणात सूर्यतबकडीवरची सावली बघायचा,
पुन्हा चढायचा
आणि काट्याचा कान धरून त्याला जागेवर आणायचा.

मग हेगहून लंबक आला.
बसवणारा पोरगा म्हणाला, आजोबा, आता हात लावू नका.

नोव्हेंबरात सावली पाव तास पुढे पळाली.
वाउटर धापा टाकत वर.
तेलाची बोटं पुसत पोरगा म्हणाला,
घड्याळ बरोबर आहे.
सूर्यच चुकतो.

खाली कोळणी हेरिंग चिरत होत्या,
त्यांना दोघांचंही काही नव्हतं.

वाउटर अजून उतरतो,
आभाळ भरलेलं असलं तरी.
तबकडीपाशी थांबतो थोडा वेळ,
वर्गाबाहेर काढलेल्या पोराजवळ
थांबावं तसा.